नकळत लागलेली काट

मिलिंद राजाने नागसेन भिक्खूंना विचारलेल्या प्रश्नांपैकी एक प्रश्न कॉलेजात असल्यापासून माझ्या मागे लागला आहे. जाणूनबुजून पाप करणारा आणि नकळत पाप करणारा, यांच्यात जास्त अपुण्य कुणाच्या पदरी पडतं? आपल्यात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं : जाणूनबुजून करणाऱ्याच्या. कोर्ट तेच म्हणतं, आईही तेच म्हणते. नागसेन उलट सांगतात. नकळत करणाऱ्याच्या. राजा काही भोळा नव्हता. ग्रीक वंशाचा, सागल नगरीत म्हणजे आजच्या सियालकोटच्या बाजूला राज्य करणारा, वादात भल्याभल्यांना गप्प बसवणारा. तो लगेच टोमणा मारतो, की मग आमचा एखादा राजपुत्र किंवा अमात्य नकळत चुकला तर त्याला दुप्पट शिक्षा करायची म्हणायची! त्यावर नागसेन तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचं विचारतात. एकाने तो ठाऊक असून धरला, दुसऱ्याने ठाऊक नसताना. हात जास्त कुणाचा भाजेल?

ज्याला ठाऊक नव्हतं त्याचा, हे राजाला कबूल करावं लागतं. ठाऊक असलेला बोटांच्या टोकांनी धरेल, लगेच टाकेल. दुसरा अख्खी मूठ आवळणार.

मी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलो. बाबासाहेबांनी १९५० साली हे कॉलेज काढलं, त्याला या राजाचं नाव दिलं आणि परिसराचं नाव नागसेनवन. त्यामुळे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांची नावं आमच्या बसच्या पाट्यांवर आणि फीच्या पावत्यांवर असायची. माझा विषय गणित. पण पालीचे एक सर होते, त्यांच्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसायचो. पुढे पुण्यात प्रोग्रॅमर झालो, तरी सरांशी फोनवरचा वाद चालूच राहिला. वादाचा विषय बहुतेक वेळा हाच गोळा.

गोळ्याचं माझ्या धंद्यातलं रूप सांगतो. संगणकात पूर्णांक एका पद्धतीने साठवतात, अपूर्णांक दुसऱ्या. जावा भाषेत 'इंट' हा ३२ बिटांचा पूर्णांक आणि 'फ्लोट' हाही ३२ बिटांचाच, पण त्यातले काही बिट दशांशचिन्ह कुठे आहे हे सांगण्यात खर्च होतात आणि आकड्याच्या अचूकतेसाठी २४ उरतात. म्हणून १६७७७२१६ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक फ्लोटमध्ये जसाच्या तसा बसतो. पुढचा, १६७७७२१७, बसत नाही. तुम्ही तो फ्लोटमध्ये ठेवा आणि परत वाचा, १६७७७२१६ हातात येतो. एक गेला. कुठे गेला याची कुठेही नोंद नाही. इशारा नाही, प्रोग्रॅम थांबत नाही, पडद्यावर लाल अक्षर उमटत नाही. मोठ्या 'डबल' प्रकारात हीच गोष्ट ९००७१९९२५४७४०९९२ या आकड्यापलीकडे घडते, एवढाच फरक.

यातली गंमत बघा. याच जावात फ्लोटमध्ये ०.१ ठेवायला गेलात तर कंपायलर (आपण लिहिलेलं तपासून यंत्रासाठी भाषांतर करणारा प्रोग्रॅम) दारातच अडवतो : अचूकता जाईल, असं चालणार नाही. आणि १६७७७२१७ ठेवलात तर हसतमुखाने आत घेतो. 'क' हा पूर्णांक असेल तर क = क + ०.९९ असं लिहिलेलं त्याला खपत नाही, पण तेच आटोपशीर करून क += ०.९९ लिहिलं की तो अपूर्णांक छाटून गप्प बसतो. शून्यापासून सुरुवात करून हजार वेळा ०.९९ मिळवा, बेरीज शून्यच राहील.

आता अचूकता जाणं हे काही पाप नव्हे. मोजायचं म्हटलं की कुठेतरी तोडावंच लागतं. वर्तुळाचा परीघ काढणाराही तोडतो आणि सोनारही तोडतो. अपूर्णांकांच्या गणिताचा जो आंतरराष्ट्रीय नियम १९८५ साली ठरला आणि ज्यासाठी विल्यम काहान यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तो मुळात तोडायचं कसं याचाच नियम आहे. माझी तक्रार तोडण्याबद्दल नाही, न सांगता तोडण्याबद्दल आहे. तोडणं हा मोजमापाचा स्वभाव. गप्प राहणं मात्र कुणीतरी ठरवलेलं असतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका दूध संस्थेचं सॉफ्टवेअर तपासायला माझ्याकडे आलं होतं. पैठणच्या बाजूचं गाव. सकाळ-संध्याकाळ उत्पादक किटल्या घेऊन येणार, दूध काट्यावर, मग फॅट मशीनवर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटखेरीज घन घटक) बघून दर, आणि हातात छोटी स्लिप : लिटर, फॅट, दर, रक्कम. दहा दिवसांनी बिल. एका मावशींनी नातीला मोबाइलवर सगळ्या स्लिपांची बेरीज करायला लावली होती. बिल अकरा रुपयांनी कमी भरलं. अकरा रुपयांसाठी बाई ओरडते म्हणून संस्थेतली मंडळी वैतागली होती. पण बाईंचा मुद्दा अकरा रुपयांचा नव्हता. दुधाच्या धंद्यात काट लागते, वजनाच्या वेळी काटा मारतात, हे ऐकत त्यांचं आयुष्य गेलेलं.

"दादा, स्लिपा समद्या बरोबर हायत. मी सोता बघितल्यात. मंग बिलात कमी कसे? कुनी खाल्ले?"

"कुणी नाही खाल्ले, मावशी."

"मंग गेले कुठं?"

गेले कुठे ते एका ओळीत सापडलं. बिलाची एकूण रक्कम ज्या चलात साठत होती तो पूर्णांक होता आणि प्रत्येक स्लिपची रक्कम त्यात त्या आटोपशीर पद्धतीने मिळवली जात होती. साडेअकरा लिटर, दर ३३.४० : रक्कम ३८४.१०. मिळवले ३८४. संध्याकाळी १२.३ लिटर : ४१०.८२. मिळवले ४१०. दहा पैसे, ब्याऐंशी पैसे. दहा दिवसांच्या वीस खेपा, खेपेला सरासरी अर्धा रुपया. अकरा म्हणजे अगदी हिशेबात बसतं. स्लिपवर रक्कम छापणारी ओळ वेगळी होती, ती चोख. ज्या पोराने हे लिहिलं तो केव्हाच दुसरीकडे नोकरीला गेला होता. त्याला कुणाचा एक पैसा बुडवायचा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. कोड वाचून माणूस कळतो. हा पोरगा नीटनेटका होता.

कुणी नाही खाल्ले, हे माझं उत्तर मात्र पुरतं खरं नव्हतं. पैसे हवेत विरत नाहीत. उत्पादकाला न दिलेला पैसा संस्थेच्या शिल्लकीत राहिला. कुणाच्या खिशात गेला नाही, पण ज्याच्या हातात वाटप आहे त्याच्याच बाजूला राहिला. छाटणी नेहमी एकाच बाजूला झुकते, हे ध्यानात घ्यायला हवं. जवळच्या आकड्याकडे नेलं असतं तर कधी वर कधी खाली होऊन फिटलं असतं, पण छाटणं म्हणजे दर वेळी खाली. कॅनडात व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक १००० वर सुरू केला. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने मोजला जायचा आणि दर वेळी तिसऱ्या दशांश स्थळापुढचं छाटलं जायचं. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ च्या आसपास उतरला. नीट मोजल्यावर तो १०९८ निघाला. बाजार वर चालला होता आणि फलकावर निम्मा झालेला दिसत होता.

तर प्रश्न असा : दूध संस्थेतलं हे कर्म कुणाचं? बौद्ध उत्तर वरवर सोपं आहे. चेतना हेच कर्म. इरादा नसेल तर कर्म नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिलीच गोष्ट चक्खुपाल थेरांची आहे. दोन्ही डोळे गेलेले अर्हत. जेतवनात पाऊस पडून गेल्यावर पहाटे चंक्रमण करत, म्हणजे येरझारा घालत होते. ओल्या जमिनीतून मृगाचे किडे वर आले होते, ते पायाखाली चिरडले. दुसऱ्या भिक्खूंनी तक्रार केली. बुद्धांनी विचारलं, त्यांना मारताना तुम्ही पाहिलंत का? नाही. जसं तुम्ही त्यांना पाहिलं नाहीत तसं त्यांनी किड्यांना पाहिलं नाही. दोष नाही.

नालंदेत उपाली गृहपतीशी झालेल्या वादातही हाच मुद्दा होता. निगंठ नातपुत्तांचं, म्हणजे महावीरांचं, मत असं मांडलं गेलं की शरीराने घडलेलं कृत्य सर्वांत जड. बुद्ध म्हणाले, मनाने घडलेलं. कॉलेजात मला हा सामना एकतर्फी वाटायचा. आता वाटत नाही. माझ्या ऑफिसातला एक जैन सहकारी दर संवत्सरीला सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो : जाणता-अजाणता काही दुखावलं असेन तर. पूर्वी मी हसून 'अरे तू काय केलंस मला' म्हणायचो. पण अजाणत्याचा हिशेब वर्षातून एकदा का होईना उघडणारी ती एक रीत आहे. आमच्या प्रोग्रॅमात तसं काही नसतं.

चक्खुपालांची गोष्ट पोराला लावली तर तो सुटला. कंपायलर तर यंत्रच. प्रकरण मिटलं? किडे मात्र मेलेलेच असतात. कधी कधी माणसंही. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियात धाहरानजवळ अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर इराकचं स्कड क्षेपणास्त्र पडलं, २८ जण गेले. रक्षणासाठी पॅट्रियट यंत्रणा होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात, पूर्णांकात चालायचं. गणितासाठी त्याचे सेकंद करताना एक दशांशाने गुणायचे. दशमानात ०.१ हा साधा आकडा, द्विमानात तो अनंत चालतो, आणि तिथे २४ बिटांत तोडलेला होता. दर ठोक्याला चूक ०.०००००००९५ सेकंद. यंत्रणा १०० तास सलग चालू होती. चूक ०.३४ सेकंद झाली. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने येतं, त्यामुळे यंत्रणा ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक बाजूला शोधत राहिली. सापडलं नाही, म्हणजे नाहीच, असं तिने धरलं.

इथे नागसेन मला पहिल्यांदा खरे कळले. ठाऊक नसलेला मूठ आवळतो म्हणजे काय, ते हे. शंका असलेलं यंत्र आपली शोधाची चौकट जरा रुंद ठेवतं. या यंत्राला शंका नव्हती. आणि माणसांचं? इस्राएलकडून त्याच महिन्यात इशारा आला होता. सॉफ्टवेअर दुरुस्त करून पाठवलं जात होतं, ते धाहरानला पोचलं २६ तारखेला. तोवर तुकड्यांना कळवलं होतं की यंत्रणा फार वेळ सलग चालवू नका. फार वेळ म्हणजे किती तास, ते कळवलं नव्हतं. अचूकता तिथेही गळाली होती, फक्त इथे गळाली ती वाक्यातून.

चक्खुपालांच्या गोष्टीकडे परत येतो, कारण ती 'दोष नाही' वर संपत नाही आणि बरेच जण तिथेच थांबतात. भिक्खू पुढे विचारतात, अर्हत होण्याजोगा माणूस आंधळा का झाला? तेव्हा बुद्ध मागच्या जन्मातली हकिकत सांगतात. ते वैद्य होते. एका स्त्रीने डोळे बरे झाले तर दासी होईन असं कबूल केलं. बरे झाल्यावर तिने खोटंच सांगितलं की डोळे जास्तच दुखतात. वैद्याने ते ओळखलं आणि सूड म्हणून असं अंजन दिलं की डोळे कायमचे गेले. म्हणजे आजचं न पाहणं निर्दोष, पण न पाहणं आलं कुठून, तर पाहून-सवरून लावलेल्या अंजनातून.

मागच्या जन्माचा भाग मला पटत नाही. मागच्या जन्माच्या पापामुळे तू असा, हे वाक्य आमच्या पिढ्यांना पुष्कळ ऐकवलं गेलंय, आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ते नाकारलं ते उगीच नाही. पण प्रोग्रॅमच्या बाबतीत जन्म मानायला मला अडचण वाटत नाही. प्रत्येक ओळीच्या मागे आधीची ओळ असते, तिच्या मागे भाषा, भाषेच्या मागे तिच्या आधीची भाषा, आणि तिथे नावानिशी माणसं बसलेली असतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. पूर्णांक आणि अपूर्णांक एकत्र आले की न विचारता एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं, ही मोकळीक तिच्यात होती. त्या लहानशा यंत्रांवर, स्वतः जाणकार असलेल्या मूठभर लोकांसाठी ती सोयीची होती. जावा आली नव्वदच्या दशकात. तिच्या अधिकृत नियमग्रंथात स्वच्छ लिहिलंय की इंटवरून फ्लोटवर जाताना अचूकता जाऊ शकते आणि तरीही चालू प्रोग्रॅमात त्याबद्दल कधीही अडथळा उभा राहणार नाही. उदाहरणही दिलंय : १२३४५६७८९० फ्लोटमध्ये ठेवून परत काढला की ४६ चा फरक पडतो. हे अंजन आहे. ठाऊक असून, सोयीसाठी लावलेलं. रिचींना मी तेवढा दोष देत नाही, जितका नंतरच्यांना देतो.

न विचारता करायचं नाही, असं ठरवणाऱ्या भाषा झाल्याच नाहीत असं नाही. गो आणि रस्ट या अलीकडच्या भाषांत वेगळ्या प्रकारची दोन चलं बेरजेला बसवलीत तर कंपायलर हात जोडतो : काय करायचंय ते लिहा. तरुण पोरांना याचा कंटाळा येतो. येऊ दे.

कुणी म्हणेल, ओरडणारं यंत्र तरी कुठे शहाणं असतं? ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान ५ उडालं. ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही, यंत्राने बोंब ठोकली, दोन्ही दिशादर्शक संगणक बंद पडले आणि उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट फुटलं. खरं आहे. पण अशी धोक्यातली चलं सात होती, त्यातल्या चारांना संरक्षण देऊन तिघांना मुद्दाम वगळलं होतं, आणि कोणतं का वगळलं याची कारणं सापडली. १९ जुलैला चौकशी समितीचा अहवाल हातात होता. कर्ता सापडला, निर्णय सापडला. बाईंच्या अकरा रुपयांना तेवढंही नशीब नव्हतं. नातीने मोबाइल उघडला म्हणून ते कळले तरी.

सरांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. अंजनाचं त्यांना आवडलं. पण गोळ्याबद्दल ते म्हणाले, "तुझ्या मांडणीत एक खोट आहे. नागसेनांच्या दाखल्यात गोळा धरणाऱ्याचाच हात भाजतो. तुझ्या पोराने गोळा धरला आणि भाजला त्या बाईचा. हा दाखला तुला लागू नाही."

मी म्हटलं, मग विनय, म्हणजे भिक्खूंचे नियम, घेऊ. राजाच्या प्रश्नांच्या त्याच ग्रंथात, मिलिंदपञ्हात, पुढे हा गुंता परत येतो, आणि नागसेन सांगतात की काही आपत्तींत, म्हणजे नियमभंगांत, न कळणं ही सुटका असते, काहींत नसते. भिक्खूने नकळत जीव मारला तर दोष नाही, पण मद्य आहे हे न कळता ते प्यायला तरी आपत्ती आहे. प्यायच्या आधी वास घेणं त्याच्या हातात होतं. पैशाची बेरीज मी त्या दुसऱ्या खात्यात घालतो.

सर हसले. "विनय दीक्षा घेतलेल्यांना. तुझ्या कंपायलरने दीक्षा घेतलीय का? त्या पोराने?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नीटसं नाही. कंपायलरला सांगून ठेवता येतं, हे खरं. सी साठीच्या जीसीसी कंपायलरला सगळ्या सूचना दे असं म्हटलं तरी रूपांतराच्या सूचना त्यात येत नाहीत, त्या वेगळ्या मागाव्या लागतात. त्या आटोपशीर बेरजेबद्दल जावाचा कंपायलर २०२३ पासून सूचना देऊ शकतो, पण तीही आपण मागितली तर. आमच्याकडच्या एका नव्या मुलीला मी एका जुन्या प्रकल्पावर या सूचना चालू करायला सांगितलं. यादी पडद्यावरून वाहायला लागली. "सर, यातल्या खऱ्या किती?" बहुतेक निरुपद्रवी, मी म्हटलं. "मग बंद करू?" तिचा प्रश्न रास्त होता. आम्ही जिथे आकड्याच्या टोकाला माणसाचं नाव आहे तेवढ्या ओळी आधी घेतल्या.

दूध संस्थेचं काम त्याआधीच झालं होतं. एकूण रक्कम आता पैशांत मोजली जाते. पण लिटर गुणिले दर केल्यावर पैशाच्याही खाली अपूर्णांक उरतो, आणि तो कुणाकडे जायचा हे मी ठरवणार नाही, असं मी सचिवांना सांगितलं. ते आधी म्हणाले, अहो, अर्ध्या पैशासाठी सभा घ्यायची का? घ्या म्हटलं. मासिक सभेत विषय आला, थोडी थट्टा झाली, आणि अपूर्णांक उत्पादकाच्या बाजूने पूर्ण करावा असा ठराव झाला. इतिवृत्तात त्याखाली सूचक आणि अनुमोदक, दोघांच्या सह्या आहेत. ठरावाचा क्रमांक मी त्या ओळीच्या वर लिहून ठेवला.